एका नंबरावर दोन चेहरे

३ मार्च १९९९

ए.सी. लागला! माझ्यासाठी नाही, कॉम्प्युटरसाठी. बद्रीनाथशेठ स्वतः उभे राहून बसवून घेत होते. "बेटा, इसको गर्मी बिलकुल सहन न्हाई होत." भिंतीपलीकडे भट्टी. तिथली माणसं दिवसभर लालबुंद सळई चिमट्यात धरतात. त्यांना गर्मी सहन होते असं शेठने ठरवलेलं आहे. त्यांच्यासाठी दोन माठ आहेत, त्यातला एक गळतो.

औरंगाबादच्या सॉफ्टवेअरवाल्याने शेठला बरोबर घाबरवलंय. दोन हजार साल उजाडलं की जुने कॉम्प्युटर मुके होणार म्हणे! शिवाय आयएसओचं सर्टिफिकेट पाहिजे, त्याशिवाय पुण्याच्या पार्ट्या आता सळई घेत नाहीत. म्हणून नवी हजेरी. प्रत्येक कामगाराला कार्ड, कार्डावर फोटो, पाठीमागे काळी पट्टी. गेटवरच्या मशीनमधून कार्ड ओढायचं — टिंग! — की हजेरी थेट माझ्या खोलीत. आजवर गेटवरचा रामकिसन चेहरा बघून आत सोडायचा आणि टाइम ऑफिसात टिकमार्क व्हायचा. आता ते बंद.

आणि हे सगळं सांभाळायचं मी! बी.कॉम. आणि वर्षभराचा डिप्लोमा केलेली हसनाबादची सत्यशीला. सळईच्या या मिलमध्ये बाई म्हणून एकटीच. आज फार आनंद झालाय, लपवत नाही.

१० मार्च

फोटोचा दुसरा दिवस. गावातून स्टुडिओवाला बोलावलाय, टाइम ऑफिसच्या भिंतीला पांढरी चादर. माणसं पाळीतून उठून तशीच येतात, काजळी फासलेली. "तोंड धुवून या!" हे वाक्य मी आज किती वेळा म्हटलं असेल! एकाला टोपी घालूनच फोटो पाहिजे होता. एकाने शर्टाची वरची गुंडी लावावी की नाही यावर पूर्ण रांगेचा सल्ला घेतला.

रोलिंग खात्यातला तीनशे बारा नंबर, भुजंग, राहणार केदारखेडा. तरणाबांड, दंड लोखंडासारखे, पण चादरीसमोर उभा राहायला तयार होईना. म्हणे, "म्याडम, माझा फोटो पुढच्या पंधरवड्यात काढला तं न्हाई चालायचं का?"

मी म्हटलं, "का? पंधरवड्यात चेहरा बदलणार आहे का तुमचा?"

सगळी रांग खो खो हसली. मुकादम अप्पारावसुद्धा तोंडावर उपरणं धरून हसले. मला वाटलं, चला, या लोकांना माझा विनोद कळतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

१८ मार्च, पाडवा

शेठने मुहूर्त पाहून मशीनचं उद्घाटन केलं. हळदकुंकू, हार, नारळ. नारळाचं पाणी मशीनवर उडू नये म्हणून मी रुमाल धरून उभी! भट्टी बंद, सगळ्यांना सुट्टी. उद्यापासून कार्ड.

१९ मार्च

हसले ते माझ्या विनोदाला नव्हे. मला हसले!

सकाळी रामकिसन धावत आला. "म्याडम, गेटवर चला जल्दी. शेठ यायच्या आत." गेले. लिंबाखाली रोलिंग खात्यातली दहा-पंधरा माणसं उभी, प्रत्येकाच्या हातात कार्ड. आणि एकाही कार्डावरचा फोटो ते धरणाऱ्याचा नाही.

मला वाटलं, मीच घोटाळा केला. लॅमिनेशनच्या वेळी फोटो इकडचे तिकडे झाले असणार. तेवढ्यात एक चाळिशीचा माणूस पुढे आला, मिशीत थोडं पांढरं. हातात तीनशे बारा नंबरचं कार्ड.

"हा फोटो तुमचा नाही," मी म्हटलं.

"न्हाई म्याडम. माझ्या धाकट्या भावाचा हाय. साहेबराव."

"मग भुजंग कुठे आहे?"

"मीच की भुजंग!"

रामकिसनकडे पाहिलं तर तो जमिनीकडे बघतोय. मग हळूहळू कळलं. नोकरी भुजंगच्या नावाची. पण नऊ वर्षं दोघं भाऊ ती करतात. अमावास्येपर्यंत एक, पुनवेपर्यंत दुसरा. एक भट्टीवर असला की दुसरा शेतात. मिलमध्ये दोघांनाही भुजंगच म्हणतात. नुसते हे दोघं नाहीत, रोलिंग खात्यातली अर्धीअधिक माणसं अशीच! भाऊ-भाऊ, मेहुणे, काका-पुतणे. परवा अमावास्या झाली, पाळ्या बदलल्या. आणि शेठने नेमका पाडव्याचा मुहूर्त धरला. फोटो अंधाऱ्या पंधरवड्याचे, गेटवर माणसं उजेडातली.

"एक माणूस बाराही महिने भट्टीपुढं उभा राहिला तं दोन सालात आटून जातो म्याडम," अप्पाराव म्हणाले. "म्हणून आमच्यात असंच चालतं. मोठ्या शेठच्या वक्तापासून. कोणाला सांगायचं काम न्हाई पडलं."

मी काय करणार? कार्डावर ज्याचं तोंड त्यालाच आत घ्यायचं, असा शेठचा लेखी हुकूम. माणसं परत गेली. दुपारी टेम्पो भरून फोटोवाले, म्हणजे कार्डावर ज्यांचे चेहरे ते भाऊबंद, आले.

२० मार्च

राग अजून गेला नाही. नऊ वर्षं सगळ्या गेटला, सगळ्या मुकादमांना माहीत, आणि जिच्याकडे सगळी माहिती ठेवलीय तिलाच तेवढं माहीत नाही!

२४ मार्च

राग गेला. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलंय. नाव भुजंगचं, नंबर भुजंगचा, नोकरी भुजंगची. आणि माझ्या कॉम्प्युटरात भुजंग म्हणून साहेबराव आहे. खऱ्या भुजंगला आता या मिलच्या गेटातून आत येता येत नाही. त्याला मी बाहेर काढलं — एक बटण दाबून, मोठ्या हौसेने.

अप्पाराव म्हणतात, "तुम्ही बोलू नका. फोटोवाला यील, दुसरा शेती करील. मिटलं." मिटलं कसं?

११ एप्रिल, रविवार

हसनाबादला जाऊन आले. आबांना सगळं सांगितलं. आबा पस्तीस वर्षं शाळामास्तर होते, हजेरीपट त्यांच्या हाडात आहे. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या वाड्यातली सगळी पोरं एकाच दिवशी जन्मली, माहीत आहे ना? एक जून."

माहीत आहे. आबांचं शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांच्या नावासमोर एकच तारीख लिहिली. गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यात येऊन आजोबांना, कचरूबाबाला, विचारायला नको म्हणून. त्याच खोट्या तारखेने आबा रिटायर झाले.

"त्याच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत न्हाई," आबा म्हणाले. "त्याला फक्त रकाना भरायचा होता. तू बी रकानाच भरलास. आता लिहायचं तं सगळं लिही. आणि ज्याचं लिहितेस त्याला आधी इचार."

परतीच्या जीपमध्ये रडू आलं. शेजारची बाई म्हणाली, पदर डोळ्यांवर घ्या, धूळ फार आहे.

२९ एप्रिल

शेठने महिन्याचा रिपोर्ट काढायला लावला. रोलिंग खात्यात गैरहजेरी दुप्पट! शेठ कागद हातात घेऊन माझ्यावरच चिडले. "पहले ये लोग सालभर एक खाडा न्हाई करायचे. मशीन आल्यापासून आळशी झाले!"

आळशी! पूर्वी एक आजारी पडला की दुसरा यायचा, म्हणून तो नंबर कधी गैरहजर नसायचा. आता नंबराला एकच देह आहे. रिपोर्ट खरा आहे, आकडा न् आकडा खरा. तरी त्यातून शेठला जे कळलं ते साफ खोटं. डिप्लोमात हे कोणी शिकवलं नव्हतं.

मान डोलावली आणि बाहेर आले. भित्री कुठली!

१२ मे

आज साहेबरावच्या हातून चिमटा सुटला. लाल सळई सापासारखी उसळून भिंतीपर्यंत गेली. कोणाला लागलं नाही, हे नशीब. मी काचेतून पाहिलं. त्याला लिंबाखाली आणून पाणी मारत होते. मार्चमध्ये चादरीसमोर उभा होता तो हा नव्हेच — गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. पाडव्यापासून अख्खा उन्हाळा एकटा भट्टीपुढे!

"भुजंगभाऊंना बोलवा," मी अप्पारावांना म्हटलं. "केदारखेड्याला निरोप द्या. मला दोघांशी बोलायचं आहे."

१५ मे

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. भुजंग, साहेबराव आणि त्यांच्यासोबत त्यांची आई, सोनूबाई. मशीनने आपला मोठा मुलगा का नाकारला ते बघायला म्हातारी टेम्पोत बसून आलेली! मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तूच का ती मशीनवाली? पोरगीच हायेस की."

औरंगाबादच्या सॉफ्टवेअरवाल्याला मी आधीच फोन लावला होता. तो म्हणे, एक नंबर, एक रेकॉर्ड, सिस्टीमच तशी आहे. मी तासभर पिच्छा सोडला नाही. शेवटी कबूल झाला, नंबराला पुढे अक्षर जोडता येईल. तीनशे बारा क, तीनशे बारा ख. जोडी. दोघांची नावं, दोघांचे फोटो, महिना दोघांत.

हे त्यांना समजावलं. मग म्हटलं, "पण त्यासाठी शेठना खरं सांगावं लागेल. तुम्ही नको म्हणालात तर मी तोंड उघडणार नाही."

साहेबराव म्हणाला, "आन शेठनं दोघांला बी हाकललं तं?"

भुजंगने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "सांगा म्याडम. नऊ साल झाले. इथं हा माझ्या नावानं वळखला जातो, आन मी आलो तं मला चोर म्हणून राह्यले. हे बराबर न्हाई दिसत."

मी सोनूबाईंना विचारलं, पगार घरी आला की तो कोणाचा धरता? म्हातारी हसली. "कोणाचा म्हंजे? घराचा! एक तवा हाय बाई माझ्या घरात. कोण कामाला गेल्ता ते मला बी संध्याकाळी कळतं, कोण जेवायला न्हाई ते पाहून."

मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे. का म्हटलं असं? मी कोण मोठी लागून गेले!

१९ मे

सांगितलं.

शेठने हातातला पेन खाली ठेवला. बाहेर भट्टीचा आवाज, आत ए.सी.चा. मग म्हणाले, "मेरे पिताजी को मालूम था. मला पण थोडं माहीत होतं. पूछा नहीं, बस. पण आता आयएसओवाले विचारणार. तू विचारायच्या आधीच उत्तर आणलंस. किती जोड्या?"

यादी द्यायची हिंमत झाली नाही. म्हटलं, नोकरी कोणाचीच जाणार नाही असं आधी सांगा.

शेठ हसले! "अगं, भट्टीवर कोण येतो दुसरा? करो जोडी. बिलकुल करो."

धावतच बाहेर आले. अप्पारावांना खुणेनेच सांगितलं. म्हाताऱ्याने उपरणं हवेत उडवलं!

२ जून

पुन्हा पांढरी चादर. या वेळी सगळे तोंड धुवून आले, मला सांगावं लागलं नाही. खरा भुजंग पांढरा सदरा घालून आला होता, खिशात कंगवा. फोटो काढून झाल्यावर स्क्रीनवर त्याला त्याचं नाव दाखवलं. तीनशे बारा क. त्याला वाचता येतं. सावकाश, बोट न लावता वाचलं. "खाली साहेबराव बी हाय का?" म्हणाला. तेही दाखवलं. "मंग झालं."

आजच्यासारखा दिवस पुन्हा मिळेल की नाही, माहीत नाही.

३० जून

गैरहजेरी पहिल्यासारखी. तुटफूट कमी. साहेबरावच्या गालांवर मांस आलंय. पेरण्याही वेळेत झाल्या म्हणे.

९ ऑगस्ट

आयएसओवाले येऊन गेले. टाय लावलेले दोघं. जोड्यांची व्यवस्था पाहून खूश. म्हणाले, माहिती कामगारांपर्यंत पोहोचते का? पारदर्शकता पाहिजे. मी म्हटलं, पोहोचेल! मला एक कल्पना सुचली आहे.

१६ ऑगस्ट

चार्ट लावला. गेटच्या आत, नोटीस बोर्डावर, मोठ्या अक्षरात. प्रत्येक जोडी, दोघांची नावं समोरासमोर, महिन्यात कोणी किती पाळ्या भरल्या. प्रिंटर सकाळभर करकरत होता. माणसं गर्दी करून वाचतात, ज्यांना येत नाही त्यांना दुसरे वाचून दाखवतात. शेठने येऊन पाठ थोपटली. पगाराच्या चिठ्ठ्याही आता वेगवेगळ्या, ज्याच्या त्याच्या नावाने.

आजपासून मी सिस्टीम मॅनेजर! आबांना पत्र टाकलं.

१७ सप्टेंबर

आज मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन. नंतर चार्टासमोर दोघांत बोलाचाली चाललेली. मेहुणे आहेत. "मी तुझ्यापेक्षा पाच पाळ्या जास्त मारल्या, माझी बायको इचारून राह्यली." अप्पारावांनी सोडवलं. मला म्हणाले, "म्याडम, तो कागद लई उंचावर लावला असता तं बरं झालं असतं." हसण्यावारी नेलं मी.

८ ऑक्टोबर

साहेबरावला विचारलं, भाऊ कसे आहेत? "बरे आसंल," म्हणाला. आसंल? एका घरात राहून?

मग अप्पारावांकडून कळलं. पोळ्याच्या आत पिकात पाणी साचलं होतं तेव्हा भुजंग जास्त दिवस शेतात अडकला, साहेबरावने त्याच्या पाळ्या भरल्या. दरसाल कधी ना कधी असं व्हायचंच. पुढेमागे फिटायचं, किंवा नाही फिटायचं, कोणी बघत नव्हतं. या वेळी भिंतीवर लिहिलेलं होतं. नावासमोर नाव. आणि दोन चिठ्ठ्या दोन जावांच्या हातात गेल्या.

जोडीबद्दल मी त्यांना विचारलं होतं. चार्टाबद्दल कोणालाच विचारलं नाही. दुपारी जाऊन चार्ट काढला. रिकाम्या बोर्डावर चार पिना राहिल्या. तेवढ्याने काय होणार!

१८ ऑक्टोबर, सोमवार

आज दसऱ्यासाठी पाळ्यांची अदलाबदल विचारायला माणसं आली. तीन जोड्यांनी वेगवेगळे अर्ज दिले. पूर्वी मुकादमाला तोंडी सांगायचे.

२२ नोव्हेंबर

भुजंग आला होता. दारात चपला काढून आत आला, ए.सी.त अंग चोरून उभा राहिला. शेताची वाटणी झाली. सोनूबाई धाकट्याकडे आहेत. त्याच्या हिश्श्याला आता तो सोडून कोणी पाणी देत नाही, त्यामुळे पंधरा दिवस मिलवर राहता येत नाही. राजीनामा पाहिजे म्हणाला.

मी खुर्ची पुढे केली. तो उभ्यानेच म्हणाला, "तुमची चूक न्हाई म्याडम. तुम्ही खरंच लिव्हलं. आमच्यात ते कधी कोणी मोजलं नव्हतं, एवढंच."

टाइप केला. त्याने सावकाश सही केली. सिस्टीममधून नाव काढताना कारण निवडावं लागतं, ती यादी मीच जूनमध्ये बनवली होती. आजारपण. दुसरी नोकरी. निवृत्ती. घरगुती.

घरगुती निवडलं.